ब्रेन ट्यूमरचं नेव्हिगेशन ऑपरेशन: नाशिकच्या पेशंटच्या घरच्यांसाठी स्टेप बाय स्टेप

डोक्यात गाठ आहे असं रिपोर्टमध्ये आलं की घरात पहिले दोन दिवस नुसते फोन चालतात. कुणाचा मेव्हणा पुण्याला असतो, कुणाच्या ओळखीचे मुंबईला, आणि प्रत्येकजण सांगतो की आता नवीन मशीन आलंय, कॉम्प्युटरवर बघून बरोबर तेवढीच गाठ काढतात, काही टेन्शन नाही. मशीन आहे हे खरं, न्यूरोनेव्हिगेशन म्हणतात त्याला. पण ते स्वतः काही कापत नाही की काढत नाही. सर्जनला फक्त दाखवतं की तुमच्या हातातलं टोक आत्ता मेंदूत कुठे आहे, आणि तेही आधी काढलेल्या एमआरआयवरून दाखवतं. म्हणजे एमआरआय जसा, नेव्हिगेशन तसं. हे डोक्यात ठेवलं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात.

मी गंगापूर रोडच्या बाजूला एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्यायची नि कुठली नाही हे मला विचारू नका. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कळवण, मालेगाव, पार धुळ्याकडून लोक येतात आणि काउंटरवर तेच तेच प्रश्न विचारतात, ती उत्तरं इथे एका जागी लिहितोय.

स्टेप १: घाई आहे की वेळ आहे ते आधी बघा

पेशंट पेंगतोय, उठवलं तरी नीट उठत नाही, सारख्या उलट्या होताहेत, फिट येऊन थांबतच नाहीये, किंवा एक हातपाय अचानक लुळा पडला, तर हे सगळं वाचत बसू नका, जवळ जे न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल असेल तिथे इमर्जन्सीला जा, नेव्हिगेशन आहे का वगैरे नंतर.

असं काही नसेल तर बहुतेक वेळा सेकंड ओपिनियन घेण्याइतके दिवस हातात असतात. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, ती बहुतेकदा साधी निघते आणि लहान असेल, त्रास देत नसेल तर डॉक्टर कधीकधी नुसतं सहा महिन्यांनी परत स्कॅन करू म्हणतात. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या खालची छोटी ग्रंथी, तिची गाठ काढायची असेल तर बहुतेकदा नाकातून काढतात. ग्लिओमा मेंदूच्याच पेशींतून होतो, त्याच्या १ ते ४ ग्रेड असतात. आणि कधीकधी फुफ्फुसाचा नाहीतर स्तनाचा कॅन्सर डोक्यात पसरलेला असतो, तेव्हा ट्रीटमेंटची सगळी दिशाच वेगळी. एमआरआयवरून अंदाज येतो, पक्कं बायोप्सीवरच, म्हणजे गाठीचा तुकडा तपासूनच ठरतं, म्हणून रिपोर्टमधला एकेक शब्द गुगल करून रात्र काढू नका.

स्टेप २: एमआरआय नीट करून घ्या (इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो)

नेहमीच्या ब्रेन एमआरआयमध्ये साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप असतात, मध्ये थोडी गॅप सोडलेली असते. आजार ओळखायला तेवढं चालतं. नेव्हिगेशनला मात्र पूर्ण डोक्याचा थ्रीडी स्कॅन लागतो, काप १ मिलिमीटरच्या आसपास, मध्ये गॅप नाही, कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन, आणि त्यात कपाळ, नाकाचं टोक, दोन्ही कान सगळं आलं पाहिजे. नाक कशाला, गाठ तर मागे आहे, असं लोक विचारतात. कारण ऑपरेशनच्या टेबलावर कॉम्प्युटर पेशंटचा चेहरा आणि स्कॅनमधला चेहरा जुळवतो, आणि स्कॅनमध्ये नाकच अर्धं कापलं गेलं असेल तर जुळवायचं कशाशी? कानाला हेडफोन घट्ट दाबून बसवले तरी कातडी सरकते आणि तेवढा फरक पडतो, म्हणून अशा स्कॅनला आम्ही पॅडिंग बेताने लावतो.

तर सर्जनकडून चिठ्ठी आणताना त्यावर नुसतं "एमआरआय ब्रेन" न लिहिता "नेव्हिगेशन प्रोटोकॉल" असं लिहून आणा. कोणती कंपनीची सिस्टीम आहे तेही लिहिलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर होतं काय, पहिला स्कॅन गावाजवळ होतो, दुसरा नाशकात, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन म्हणतात परत करा, आणि घरच्यांना वाटतं हे सगळे मिळून लुटताहेत. दुसरं म्हणजे ऑपरेशनच्या वेळचा स्कॅन ताजाच लागतो, महिन्यापूर्वीचा चालत नाही कारण तोवर गाठ आणि सूज दोन्ही बदललेलं असतं. तेव्हा परत स्कॅन सांगितला म्हणजे फसवलंच असं नाही.

फिल्म घेऊन जाणं पुरेसं नाही. परवाच एक काका आले, द्राक्षाच्या रिकाम्या खोक्यात सगळ्या फिल्म्स नीट उभ्या लावून आणलेल्या, एकही घडी पडलेली नाही, इतकी काळजी, आणि सीडी मात्र "ती काय कामाची" म्हणून घरी टीव्हीखाली. काका, नेव्हिगेशनच्या मशीनमध्ये जाते ती सीडीच! सीडीत डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल्स पाहिजेत, नुसते जेपीजी फोटो नाही, काही ठिकाणी तेच देतात म्हणून घेतानाच विचारा. मिळाली की त्याच दिवशी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. आणि मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून सर्जनला पाठवला तर त्यावरून कुणीही ऑपरेशन ठरवत नाही, ठरवूही नये.

स्कॅनला येताना: आधीचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा कारण कॉन्ट्रास्ट किडनीवाटे बाहेर पडतं. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर काउंटरवरच सांगा. मंगळसूत्र, जोडवी, हेअरपिना, कवळी काढावी लागते, आजी जोडवी काढायला तयार नसतात तेव्हा घरून समजावूनच आणा. एमआरआयला रेडिएशन नसतं, आवाज मात्र भयंकर असतो, आणि तेवढा वेळ डोकं हललं तर सगळा स्कॅन वाया.

काही ठिकाणी स्कॅनच्या आधी कपाळाला, डोक्याला छोटे गोल स्टिकर लावतात, त्याला मार्कर म्हणतात. ते ऑपरेशनपर्यंत काढायचे नाहीत, ओले करायचे नाहीत, खाज आली तरी हात लावायचा नाही. एक जरी निघाला तर कुणी आपल्या मनाने परत चिकटवू नका, सिस्टरला सांगा.

गाठ हाताच्या, पायाच्या किंवा बोलण्याच्या भागाजवळ असेल तर फंक्शनल एमआरआय आणि ट्रॅक्टोग्राफी सांगतात. पहिल्यात आत झोपून बोटं हलवायची, मनातल्या मनात शब्द आठवायचे असतात, दुसऱ्यात मेंदूतल्या वायरिंगचे धागे रंगीत दिसतात. दिसायला भारी दिसतं, पण तो अंदाज असतो, पक्की हद्द नाही, हे सर्जनला माहीत असतं, आपणही माहीत असू द्यावं.

स्टेप ३: सर्जनला काय विचारायचं

कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर काही सुचत नाही. माझ्या मते हे एवढे प्रश्न तरी विचाराच. ही गाठ पूर्ण काढायचा प्लॅन आहे, थोडी ठेवायचा, की फक्त बायोप्सी? अशा जागेच्या गाठी तुम्ही नेहमी करता का? नेव्हिगेशन मशीन हॉस्पिटलचं स्वतःचं आहे की केसपुरतं बाहेरून येतं, आणि बाहेरून येत असेल तर त्या दिवशी ते आलं नाही तर काय करणार? ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अल्ट्रासाउंड, न्यूरोमॉनिटरिंग (ऑपरेशन चालू असताना नसांचं काम तपासत राहणं) आहे का? ऑपरेशननंतर रात्री आयसीयूत न्यूरोचं कोण असतं?

शेवटचा प्रश्न लोक कधीच विचारत नाहीत, आणि मला विचाराल तर तोच मशीनपेक्षा मोठा आहे.

एक स्पष्ट सांगतो. मेंदूच्या वरच्या बाजूला, हाडाला लागून असलेल्या मोठ्या मेनिंजिओमाला नेव्हिगेशन नसलं तरी अनुभवी सर्जन ती गाठ नीट काढतात, तिथे मशीनचा उपयोग मुख्यतः कवटी नेमकी कुठे उघडायची आणि चीर किती लहान ठेवायची यासाठी. खोलवरची छोटी गाठ, बायोप्सीची सुई, ग्लिओमा, दुसऱ्यांदा होणारं पिट्युटरीचं ऑपरेशन, इथे मात्र ते असलेलं बरं. तेव्हा सर्जन म्हणाले की या केसला गरज नाही, तर लगेच "जुन्या विचाराचे आहेत" असा शिक्का मारू नका, का गरज नाही ते विचारा.

स्टेप ४: नाशिक की मुंबई, आणि पैसे

नाशकात न्यूरोसर्जन आहेत, ओटी आहेत, आणि बऱ्याच गाठी इथेच होतात. घरचे जवळ असतात, फॉलोअपला घाट उतरावा लागत नाही, हा फायदा कमी समजू नका. पण गाठ कॅन्सरची वाटत असेल, बोलण्याच्या भागात असेल, जागं ठेवून ऑपरेशन लागणार असेल, तर परळचं टाटा मेमोरियल नाहीतर त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक इथे एकदा दाखवून यावं असं मी म्हणेन, तिथे सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर दादरला उतरून परळ जवळ, संध्याकाळी पंचवटीनेच परत येता येतं. खारघरला जायचं तर ठाण्याला उतरून पनवेल लोकल. पेशंटला फिट येत असतील तर त्याला धक्के खात नेऊ नका, पहिल्यांदा एकजण फाइल आणि सीडी घेऊन जा, पण आधी फोन करून विचारा की पेशंटशिवाय बघतील का. टाटाला जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारच्या फाइल निघतात, नावनोंदणीच्या वेळीच ठरवावं लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत, गर्दी असते, आधी चौकशी करा. केईएमलाही न्यूरोसर्जरी आहे.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि न्यूरोसर्जरीसाठी असलं पाहिजे, नुसता बाहेर बोर्ड बघून ॲडमिट होऊ नका. आत आरोग्यमित्राचा काउंटर असतो, त्याला रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट दाखवा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. नेव्हिगेशनचा, अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटरचा (गाठ फोडून ओढून घेणाऱ्या मशीनचा) चार्ज पॅकेजमध्ये आहे की वेगळा, हे लेखी एस्टिमेटमध्ये मागा. मेडिक्लेमवाल्यांनीही तेच. कमी पडले तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो, तोही बिल भरायच्या आधी.

स्टेप ५: आधीचे दिवस

मेंदूची सूज उतरवायला बहुतेकांना डेक्सामेथासोन चालू करतात. त्याने दोन दिवसांत डोकेदुखी इतकी कमी होते की घरचे म्हणतात बरं वाटतंय, आता ऑपरेशन कशाला. गाठ तशीच आहे, सूज उतरलीय फक्त. या गोळीने शुगर वाढते, भूक वाढते, झोप उडते. ती एकदम बंद करायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. फिटच्या गोळीने, लेव्हेटिरॅसिटामने, काहीजण खूप चिडचिडे होतात, माणूस बदलला की काय असं वाटतं, ते डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. गावचा काढा, जडीबुटी चालू असेल तर तेही न लाजता सांगा म्हणजे झालं, कुणी ओरडत नाही. रक्तदाते तयार ठेवा.

स्टेप ६: ओटीत नेमकं काय चालतं

बाहेर बाकावर बसलेल्यांना हेच माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर.

भूल दिल्यावर डोकं तीन टोकांच्या क्लॅम्पमध्ये पक्कं धरतात, जराही हलू नये म्हणून. नंतर कपाळावर नाहीतर कानामागे बारीक खपल्या दिसतात त्या या टोकांच्या, घाबरू नका. क्लॅम्पला एक चांदणीसारखी फ्रेम लावतात, तिच्यावर चमकणारे गोळे असतात, आणि समोर इन्फ्रारेड कॅमेरा असतो तो त्या गोळ्यांकडे सतत बघत असतो. मग सर्जन एक पॉइंटर कपाळावर, भुवयांवर, नाकावर फिरवतात, कॉम्प्युटर चेहरा आणि स्कॅन जुळवतो. जुळलं का ते तपासायला पॉइंटर नाकाच्या टोकावर ठेवतात आणि स्क्रीनवरही तो नाकाच्या टोकावरच दिसतोय का बघतात. सगळं छान असेल तर चूक साधारण २ मिलिमीटरच्या आसपास राहते. मध्ये कुणी कॅमेऱ्याच्या आड उभं राहिलं तर स्क्रीन अडकते, आणि तुमची सिस्टर कुणाला तरी "सर, बाजूला" म्हणते.

मग चीर आखतात, बहुतेकवेळा तेवढ्याच पट्टीचे केस काढतात, पूर्ण टक्कल करतीलच असं नाही. कवटीचा तुकडा काढून ठेवतात, आवरण उघडतात, आणि खरी गंमत इथून पुढे. आवरण उघडलं की मेंदूभोवतीचं पाणी वाहून जातं, गाठ निघायला लागली की जागा मोकळी होते, आणि मेंदू खाली बसतो, काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभरसुद्धा. स्क्रीनवर मात्र सकाळचाच एमआरआय असतो. सिंहस्थाच्या कामाला रस्ता खोदून ठेवलाय आणि मोबाइलमधला नकाशा म्हणतोय सरळ जा, तसंच हे. म्हणून शेवटच्या टप्प्यात चांगला सर्जन स्क्रीनवर आंधळा विश्वास ठेवत नाही, ओटीतच अल्ट्रासाउंडचा प्रोब लावून ताजं चित्र घेतो, मोजक्या ठिकाणी तर ओटीतच एमआरआय असतो.

हाय ग्रेड, म्हणजे ३-४ ग्रेडच्या ग्लिओमाला आणखी एक युक्ती आहे. ५-एएलए नावाचं औषध भूल देण्याच्या दोनचार तास आधी प्यायला देतात, आणि मायक्रोस्कोपचा निळा लाइट लावला की गाठीचा भाग गुलाबी-लाल चमकतो. २००६ मध्ये छापून आलेल्या जर्मनीतल्या अभ्यासात असं ऑपरेशन झालेल्यांपैकी ६५ टक्के लोकांची कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ पूर्ण निघाली होती, साध्या लाइटमध्ये ३६ टक्के. औषध महाग आहे, सगळीकडे नसतं, आणि ते घेतल्यावर एक दिवस उन्हात, कडक लाइटमध्ये जायचं नाही. आपल्याकडे स्वस्तातलं फ्लुरोसीनही वापरतात, त्याने लघवी पिवळीजर्द होते, ते रंगामुळे.

जागं ठेवून ऑपरेशन ऐकलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, कातडी बधिर केलेली असते. पेशंटला चित्रं दाखवून नावं विचारतात, हात हलवायला सांगतात, आणि त्याचवेळी सर्जन बारीक करंट देऊन बघतात की या जागेला हात लावला तर बोलणं अडतंय का. इथे एक काम तुमचं आहे. पेशंट घरात अहिराणी बोलत असेल, कोकणा बोलत असेल, तर ते टीमला आधीच सांगा. कळवण, सटाण्याकडच्या बाईला प्रमाण मराठीत चित्राचं नाव विचारलं आणि ती अडखळली, तर ते करंटमुळे की शब्दच सवयीचा नाही म्हणून, हे त्यांना कसं कळणार? आदल्या दिवशी चित्रांची प्रॅक्टिस घेतात तेव्हा घरातलं कुणीतरी सोबत बसा.

वेळ किती लागेल विचारू नका, चार तास सांगितले आणि सात झाले तरी काहीतरी बिघडलंच असं नसतं, निम्मा वेळ भूल, पोझिशन आणि जुळवणीतच जातो.

स्टेप ७: नंतर

पहिली रात्र आयसीयू. साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत सीटी होतो, आणि ग्लिओमासारख्या गाठीला ४८ ते ७२ तासांच्या आत परत एमआरआय, किती शिल्लक आहे ते बघायला. हा चुकवू नका, उशीर झाला की जखमेचं चमकणं आणि गाठीचं चमकणं वेगळं काढणं अवघड जातं, आम्हालाही आणि रेडिओलॉजिस्टलाही. ऑपरेशन झालेल्या बाजूचा डोळा सुजून काळानिळा होतो, चारपाच दिवसांत उतरतो. बोलणं, हात थोडा कमी चालणं कधीकधी सुजेमुळे असतं आणि फिजिओथेरपीने सुधारतं.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. घरी गेल्यावर ताप, मान आखडणं, जखमेतून पाणी, एकाच पायाला सूज, परत पेंगणं, यातलं काहीही दिसलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन झालं असेल तर नाक शिंकरायचं नाही, आणि पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपटपलं तर लगेच कळवा.

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांत येतो, आयडीएच, एमजीएमटी वगैरे गाठीच्या जनुकांच्या तपासण्यांना आणखी वेळ लागतो, आणि पुढची ट्रीटमेंट त्यावर ठरते, नुसतं "कॅन्सर आहे का नाही" एवढ्यावर नाही. लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, टाटाला गेलात तर पहिलं तेच मागतात. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे ४ ग्रेडची गाठ निघाली तर सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, ही पद्धत २००५ पासून चालत आलीय. छोट्या, साधारण ३ सेंटिमीटरच्या आतल्या काही गाठींना गामा नाईफ, म्हणजे नेमक्या जागी दिलेलं रेडिएशनही चालतं, त्यात कवटी उघडावी लागत नाही, पण ज्या गाठीने आत्ताच मेंदू दाबलाय तिला तो उपयोगाचा नाही.

फिट येऊन गेली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही, बाइक तर नाहीच, ट्रॅक्टरही नाही, विहिरीच्या काठावर मोटार चालू करायला एकट्याने जायचं नाही. फॉलोअपचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, आणि येताना जुनी सीडी आणा, रेडिओलॉजिस्ट दोन्ही शेजारी लावून बघतात, आधीचं काहीच नसेल तर "वाढलंय का" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही.